शांत झालेली क्षेपणास्त्रं

आंग मो किओ, मंगळवार संध्याकाळ, २०१६

नात मीराने आयपॅडवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत अणुक्षेपणास्त्रांच्या तळावर म्हणे तांबडा उजेड तरंगत आला आणि क्षेपणास्त्रं एकामागून एक बंद पडली. तिथलाच एक म्हातारा सैनिक सांगत होता. खरं की खोटं, देव जाणे.

"एलियन्स लाह, आजी!" इथल्या पोरांसारखं शेवटी "लाह" लावून मीरा हसली.

"शांत झाली म्हणायची," मी म्हटलं. देवापुढचा दिवा आपण विझला म्हणत नाही ना, तेच तोंडात आलं.

"मग पुढे?"

"दुरुस्त केली, बाळा. परत चालू."

"का पण?"

उजेडाला हसलेली पोर दुरुस्ती ऐकून माझ्या कुशीत शिरली. अजून पदर सोडत नाही.

तांबड्या उजेडा, कुणीही अस बाबा, पण लवकर परत ये.