फोटोखालची खुर्ची

बान नोंग खाम, सकोन नकोन
१४ जुलै, बुद्धसंवत २५६८

प्रिय तुई,

आम्ही सगळे बरे आहोत. भाताची लावणी उरकली, कंबर तेवढी अजून सरळ व्हायची आहे. म्हैस व्याली, रेडकू झालं. तू ठीक असशीलच. पट्टायात समुद्राकाठी बसणाऱ्याला काय होतंय!

तुझं पाकीट मिळालं. वैदूच्या दाखल्याचा फॉर्म निघाला, दुकानाचा फोटो निघाला, आणि त्या फोटोत सोनेरी चौकटीतले बाबा. त्यांच्या डोक्यावर हिरवं दिव्यांचं पान लावलंयस, आणि खाली पाटी: ‘तीन पिढ्यांचा वैदूचा वारसा’. आधी हसू आलं. मग मी मागच्या दारी जाऊन थुंकून आले.

तुझी अडचण कळली. तीन वर्षं येईल त्याला गांजा विकलास, आता सरकारला चिठ्ठी हवी, म्हणून चिठ्ठी लिहिणारा वैदू हवा. ‘ताई, तू फक्त खुर्चीत बसायचं आणि सही करायची. बाबांची सगळी विद्या तुझ्याकडेच आहे.’ काय गोड लिहितोस रे! गरज सरो वैद्य मरो म्हणतात. तुझं उलटंच, वैद्य मेल्यावर तुला गरज लागली.

सरकारही तुझाच भाऊ शोभेल. २५४६ साली झाडाला बेड्या, २५६५ साली झाडाला हार, आता झाडाला चिठ्ठी. मी चिठ्ठीच्या विरुद्ध नाही. बाबांचे नियम त्याहून कडक होते. विशीच्या आतल्याला नाही, अंगावर पाजणारीला नाही, दारुड्याला तर अंगणातूनच परत. ज्याला द्यायचे त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन झोप लागली का विचारायचे. असा कायदा कुणी नीट चालवला तर मी त्याच्या पाया पडेन. पण तुझ्या दुकानात येणारा सुट्टीवरचा पोरगा ‘पाठ दुखते’ म्हणणार आणि मी बाबांच्या फोटोखाली बसून मान डोलावणार? त्यापेक्षा माकड बसव. पगार कमी लागेल.

बाबांवरच्या धाडीबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण तूच लिहिलंस: ‘सिंगकाकाने चुगली केली नसती तर आज बाबा या खुर्चीत बसले असते.’ धाड घातलीस तू, आणि चुगलखोर कोण, तर कुंपणापलीकडचे सिंगकाका! पोलिसाची वर्दी टाकून दुकान थाटलंस तरी जीभ तीच.

आता ऐक. त्या साली सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, तू तुझ्या ठाणेदाराला जेवायला आणलं होतंस. मी कोंबडीच्या रश्शात गांजाची दोन कोवळी पानं टाकली, आई प्रत्येक पाहुण्यासाठी टाकायची तशीच. साहेब तीन वाट्या प्यायले. ‘ताई, यात घालता तरी काय?’ कौतुकाने मी फुगले. त्यांना कणगीमागे नेलं आणि अख्खी फांदी तोडून हातात दिली. ‘घरी लावा, साहेब.’ त्यांनी हात जोडून आभार मानले. नवव्या दिवशी तू जीप घेऊन आलास. ‘घर तुझं, धाडही तूच घाल, नाहीतर वर्दी उतरव,’ असं ते तुला म्हणाले होते, हे तूच नंतर रडत सांगितलंस. नोकरी ठेवलीस, बढतीही घेतलीस.

बाबा म्हणाले, ‘झाडं माझी. पोरीला काही ठाऊक नाही.’ चार वर्षांची शिक्षा, आणि चौदाव्या महिन्यात आपण त्यांना पांढऱ्या कापडात घरी आणलं.

तू गावभर सिंगकाकांचं नाव पुढे केलंस आणि मी गप्प बसले. बावीस वर्षं. त्यांच्याकडे लावणीला कुणी जात नाही. त्यांची बायको गेली तेव्हा चितेपाशी भिक्खू होते आणि चार माणसं. त्या चारांत मी नव्हते.

तुझ्या फॉर्मवर लिहिलंय, गुरूला काम करताना पाहिलेल्या वडीलधाऱ्याची साक्ष हवी. असा एकच माणूस जिवंत उरलाय, सिंगकाका. मी पाच जोड फुलं आणि पाच जोड मेणबत्त्या घेऊन गेले, चूक कबूल करायला नेतात तशा. काका बांबू सोलत होते. मी सगळं सांगितलं.

‘ठाऊक आहे,’ म्हणाले. ‘कुंपणाशी होतो मी. तू फांदी दिलीस ती पाहिली.’

‘मग बोलला का नाहीत, काका?’

‘तुझी पोर चार वर्षांची होती. तुला नेलं असतं, तर तिला कुणी सांभाळलं असतं? मला ना पोर ना बाळ. बोलणी खायला माझ्याइतका मोकळा माणूस गावात दुसरा कोण होता?’

आणि त्यांनी सही केली, तुई. पूर्ण नाव लिहिलं.

फॉर्म मी आरोग्य कचेरीत देऊन आले. मला दाखला मिळाला तर मी इथे बसेन, आपल्या ओट्यावर, बाबांच्या नियमांनी. तुझ्या दुकानात नाही. फोटो उतरव.

येत्या अष्टमीला विहारात सगळं गाव दान द्यायला जमेल. मी भिक्खूंकडून कर्णा मागून घेतलाय. आधी काकांची माफी मागणार, मग फांदी कुणी दिली आणि बेड्या कुणी घातल्या ते सांगणार. आलास तर माझ्या शेजारी उभा राहा आणि तुझा वाटा तू बोल. नाही आलास तर तोही मीच बोलेन.

बाबांना पकडून देणारी,
तुझी ताई
लमाई