तुकडा क्रमांक सात आणि मेहुण्याच्या पेशी

२ मार्च, सोमवार
विभागप्रमुख याच महिन्यात निवृत्त. खुर्चीसाठी दोघांचा विचार: मी, आणि शेजारच्या खोलीत बसणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. मला खुर्चीचा मोह नाही. ती दुसऱ्या कोणाला मिळू नये, एवढीच निरपेक्ष इच्छा.

वीस तारखेला दोघांनी समितीपुढे आपापलं काम मांडायचं. मी तुकडा क्रमांक सात मांडणार. तापाच्या विषाणूचा हा एवढासा तुकडा. आपल्या टी पेशी विषाणूला ओळखतात त्या याच तुकड्यावरून, असं मी नऊ वर्षं सांगतोय. लोक ऐकून चहा प्यायला जातात. आता पुरावाच देतो.

संकल्प: रोज सकाळी आठला लॅबमध्ये. तांत्रिक काम बघणाऱ्या ताईंवर ओरडायचं नाही.

३ मार्च
साडेदहाला पोचलो. ट्रॅफिक.

ज्याला तो ताप येऊन गेलाय अशा माणसाचं रक्त हवं. मेहुण्याला दोन वर्षांपूर्वी आला होता. बायकोने फोन केला. तो म्हणाला, दाजी आजवर माझं रक्त परस्पर प्यायचे, आता ट्यूब घेऊन येणार आहेत का? बायको खळखळून हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते दोघांनाच माहीत.

आला. तीन ट्यूब दिल्या आणि आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, परत बोलवाल तर ताईशी संबंध तोडीन. ताई म्हणजे माझी बायको. लॅबमधल्या ताईंनी त्याला बिस्किट दिलं. मला कधी दिलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार
किरकोळ अडचण. टी पेशींना तुकडा नुसता पुढ्यात टाकून चालत नाही. दुसऱ्या एखाद्या पेशीने तो आपल्या ताटात वाढून दाखवावा लागतो. ही वाढणारी पेशी मेहुण्याचीच असलेली बरी. पण मी तिन्ही ट्यूब टी पेशींसाठी वापरून टाकल्या. थोडं बाजूला ठेवू का, असं ताई पुटपुटत होत्या. स्पष्ट बोलायला काय होतं यांना?

तोडगा: वाढायला माझ्या पेशी. स्वतःचं रक्त काढून दिलं. विज्ञानासाठी असं कोण करतं?

प्रत्येक माणसाची ताटं वेगळ्या नमुन्याची, म्हणून दोघांचे नमुने तपासून घेतले. माझ्या आणि मेहुण्याच्या सहांपैकी एक जुळतो. ताई म्हणाल्या, एकच? मी म्हटलं, अहो, लग्नं याहून कमीवर टिकतात.

९ मार्च, सोमवार
पेशी जोमात. माझ्या पेशींच्या संगतीत मेहुण्याच्या टी पेशी चौपट झाल्या. माणसापेक्षा त्याच्या पेशी गुणी.

नाश्त्याला बायकोने विचारलं, हे रिसेप्टर रिसेप्टर म्हणजे नक्की करतं काय? सोपं करून सांगितलं. प्रत्येक पेशी आतल्या मालाचा एकेक तुकडा ताटात ठेवून दारात उभी असते. टी पेशी दारोदार हिंडते. तिच्या अंगावरचा रिसेप्टर म्हणजे हात. तो घास चाचपतो आणि ताटाची कडही चाचपतो, दोन्ही एकदम. ताट घरचं आणि घास घरचा, तर पुढे चालू लागते. ताट घरचं पण घास परका, तर बोंब ठोकते.

ती म्हणाली, आणि ताटच परकं असलं तर?

म्हटलं, तो पुढचा धडा आहे. टोस्ट करपतोय बघ.

१२ मार्च, गुरुवार
आज प्लेट लावली. छोट्या खळग्यांत टी पेशी, माझ्या वाढप्या पेशी, तुकडा सात. टी पेशी जिथे चिडेल तिथे निळा ठिपका उमटतो. ठिपके मोजले की झालं.

ताईंचा हट्ट: काही खळग्यांत तुकडा घालायचाच नाही. त्यांना कंट्रोल म्हणतात. तिथे ठिपके आले नाहीत तरच तुकड्याचं खरं म्हणता येईल म्हणे. जणू काही मी हे शिकवून शिकवून म्हातारा झालो नाही. पण तुकडा सातवर नऊ वर्षं अविश्वास दाखवून झालाय लोकांचा, आता मीही दाखवू? सगळ्या खळग्यांत सात. पुढच्या वेळी कंट्रोल नक्की.

१३ मार्च, शुक्रवार, दुपारी ४
ठिपके! खळग्यागणिक तीनशेच्या वर! निळंशार!!

ताई भिंगातून बघत म्हणाल्या, फारच आहेत. कौतुकातही माणसाने इतकं कद्रू असू नये.

संचालकांना जिन्यात गाठून सांगितलं. विद्यार्थिनीलाही सांगितलं, मोठ्या मनाने. ती म्हणाली, वा सर, अभिनंदन, आणि तुकडा न घातलेल्या खळग्यांत किती आले?

शून्य, मी म्हटलं. तोंडातून आपसूक निघालं. खरं तेच आपसूक निघतं.

१६ मार्च, सोमवार
समितीसाठी तक्ता केला. एका ओळीत ३०८, ३१५, ३२१. खालच्या ओळीत शून्य, शून्य, शून्य. तूर्तास पेन्सिलने. ही काही खोटी नोंद नव्हे, आगाऊ नोंद आहे.

नोंदवहीवर सही करायला ताईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, जे लावलंच नाही त्याचा आकडा मी बघितला असं कसं लिहू, सर? चौदा वर्षं हाताखाली काम करतायत. आधी ओरडलो नाही. मग ओरडलो.

त्या म्हणाल्या, ओरडा, पण प्लेट लावू द्या.

१७ मार्च
दिली परवानगी. एक औपचारिकता. शिवाय कळलं की ताईंनी रक्त घेतलं त्या दिवशी मेहुण्याच्या तिसऱ्या ट्यूबच्या तळातलं थोडंसं मला न विचारता गोठवून ठेवलं होतं. म्हणजे त्याच्याच वाढप्या पेशीही आहेत. चोरी म्हणावी की दूरदृष्टी, ते निकाल बघून ठरवेन.

१८ मार्च, बुधवार
निकाल.
माझ्या पेशी, तुकडा सात घालून: ३११.
माझ्या पेशी, तुकडा न घालता: ३१४.
मेहुण्याच्या स्वतःच्या पेशी, तुकडा सात घालून: ०.

चोरी.

१८ मार्च, नंतर
तीनदा मोजले. मशीन बदललं, चष्मा बदलला. तेच.

म्हणजे त्या टी पेशी सातवर चिडलेल्याच नव्हत्या. घासाकडे बघितलंही नाही त्यांनी. ताटं परकी, म्हणजे माझी, एवढ्यावरच अंगावर धावून आल्या. आणि मी त्यांना आठवडाभर माझ्याच पेशींच्या संगतीत ठेवून धार लावली.

बायकोने भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, दाजींना सांग, मी काही बोललो नव्हतो, पेशींनी परस्पर ठरवलं.

१९ मार्च, गुरुवार
खचायचं नाही. अपयशाकडे नीट बघितलं तर ते यशासारखंच दिसतं, फक्त प्रकाश कमी हवा. तुकडा सात बाजूला. नवं शीर्षक: ‘परक्या ताटावर टी पेशींचा हल्ला: एक निरीक्षण’. खालच्या ओळीतले शून्य खोडले. कागदाला भोक पडलं, पण तक्ता आता संपूर्ण खरा आहे. ताईंनी सही केली. समितीत सगळे रसायनवाले आणि हिशेबवाले. त्यांना नवंच वाटणार.

२० मार्च, शुक्रवार
समितीत एक बाई डॉक्टर निघाल्या. मूत्रपिंड बदलणाऱ्या.

तिसऱ्याच मिनिटाला त्या म्हणाल्या, परक्या माणसाचं मूत्रपिंड शरीर नाकारतं ते ह्याचमुळे ना? मी म्हटलं, होय, त्याच दिशेने माझं काम चाललंय. त्या म्हणाल्या, मग यात नवीन काय?

विद्यार्थिनी मदतीला धावली. म्हणाली, नवीन नाही, पण सर हे फार सुंदर शिकवतात. आम्हाला पहिल्या वर्षी दुसऱ्याच तासाला शिकवलं होतं, अजून लक्षात आहे. कंट्रोल लावल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवू नका, हेही त्याच तासाला.

तिने हे मनापासून म्हटलं. मी बघत होतो तिच्याकडे. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

माझी वीस मिनिटं होती. नऊ उरली. तिची चाळीस झाली, तरी कोणी घड्याळ बघितलं नाही.

२३ मार्च, सोमवार
ती प्रमुख. मी सगळ्यांच्या आधी जाऊन अभिनंदन केलं, म्हणजे ताईंच्या नंतर.

तिने बोलावून घेतलं. मी बसेपर्यंत उभी होती. म्हणाली, सर, यापुढे विभागातल्या प्रत्येक प्रयोगाचे कंट्रोल एकाच अनुभवी माणसाने लावावेत असं वाटतं, तुम्ही घ्याल का? जबाबदारीचं काम आहे. मी विचार करतो म्हटलं. मग लगेच घेतो म्हटलं. एका अर्थी सगळा विभागच माझ्या शब्दावर चालणार.

२५ मार्च, बुधवार
आज पहिली प्लेट. आठ खळगे. कशातही काही घालायचं नव्हतं, ते घातलं नाही.
ठिपके: शून्य.
ताईंनी भिंगातून बघितलं. म्हणाल्या, छान आलंय, सर.