पुसलेले बूट

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आज नौपाड्यात शोकसभा. मानधन घेऊन अनोळखी माणसांबद्दल चार शब्द बोलायचे, हे शाळेतल्या नोकरीनंतरचं माझं दुसरं काम. गेलेल्या गृहस्थांच्या मुलाला वडिलांविषयी काहीच सांगता येईना. "मॅडम, साधे होते. तुम्हीच बघा ना काहीतरी."

मी सभेत सांगितलं, ते रोज सकाळी मुलाचे बूट पुसून दाराशी ठेवायचे. मुलगा रडला. "हो, ठेवायचे," म्हणाला.

ते बूट माझे होते. पुसणारे माझे बाबा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या वेळी मी काय सांगू? बूट तर देऊन आले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "आज कोण होतं गं?"

"तुम्ही नाही ओळखत, बाबा."