दाराखालून गेलेली गाडी

विहंग,

खेळण्यातल्या रेल्वेचा सांगाडा बाबा इतका चपटा का बनवत होते, ते आज कळलं. शाळेतून आले तर बारीक मोटार आणि बॅटरी बसवलेला तो सांगाडा आपल्या कुलूपबंद दाराखालच्या फटीतून बाहेर येऊन उभा होता. वर रबराने कागद बांधलेला: "बेन, दार उघडा. मी याच घरातला आहे."

समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, "ही गाडी चार दिवस रोज बाहेर येते, मी परत आत सरकवते. पण चावी माझ्याकडे कुठे?"

बाबा त्या दिवशी पलीकडच्या अकोटा भागात रस्ता चुकले, तेव्हापासून आपण दोघं कामावर जाताना त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतो. दार उघडून मी विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"कुलूप तूच लावतेस ना, मोहना?"

त्यांना फिरायला नेते आहे. उद्या घरी कोणी थांबायचं ते तू ठरव. माझ्याने आता कुलूप लावणं होणार नाही.

मोहना