भंतेच्या पात्रात भात

माय, तुले जाऊन दहा वर्षं झाली, अन् मी आता सतराची आहो. शाळा सातवीतच सुटली, त्याच्यानं लिवण्यात चुका होतील. बाबाले सांगाची हिंमत नाही, अन् दुसऱ्या कोणासंग मी जास्त बोलत नाही, म्हणून तुलेच लिहून राहिली.

परवा मी शहापूरकडच्या बुद्धविहारात गेली. माह्यासंग धानाच्या रोवण्याले येते ती बौद्ध मोहल्ल्यातली सोबतीण घेऊन गेली. दारातच मी अडली, तर म्हणते कशी, "चाल ना व! भंते काही खात नाही तुले." भंते पावसाचे तीन महिने तेथंच राहतात. गावोगाव फिरलं तर उगवतं पीक पायाखाली येते, म्हणून पहिलेपासूनच तशी रीत आहे. बांधीत वाकून धान रोवणारीले हे लगेच पटते.

त्या दिवशी भंतेच्या जेवणाची पाळी सोबतिणीच्या घरची होती. भाताचा डबा माह्याजवळ देऊन ती हापशीवर पाण्याले गेली. मी डबा भंतेपुढं भुईवर ठेवला अन् भिंतीले जाऊन टेकली. भंते पात्र घेऊन बसले, पण डब्याले हात लावत नाही. सोबतीण आली अन् ओरडलीच, "हातानं वाढ व! कोणी दिल्याबिगर ते घेत नाही. बारा वाजले का जेवण बंद, मग सकाळपर्यंत उपाशी!" भंतेनं हळूच विचारलं, "भेव वाटते का, बाई?" मी म्हटलं, "नाही. आमच्या घरी तुमच्या लोकायले असंच देतात." तोंडातून निघूनच गेलं. भंते म्हणाले, "माह्या मायलेही असंच देत होते."

तवा मले तू दिसली, माय. मी सहा वर्षांची, रोवण्याच्या बाईले लोणच्याची फोड हातात देऊन राहिली, अन् तू माह्या हातावर फटका मारते. "खाली ठेव!"

सोबतीण डबा उचलाले वाकली. मी म्हटलं, "राहू दे. मीच वाढणार." चार शितं भुईवर सांडली. पण भात मी पात्रात वाढला, अन् भंते जेवले.

तुह्यावर राग नाही, माय. तुलेही कोणीतरी तसंच शिकवलं असंल. पण उद्यापासून बांधीवर जेवण मी नेणार अन् सगळ्यायच्या हातात देणार. बाबा बोलले तर बोलू दे.

हा कागद कोठं जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्या दिवशी घरी आली अन् पहिले आंगणात बसून हात धुतले. साबण लावून. धुवून झाल्यावर समजलं, मी काय केलं ते. सोबतिणीले अजून सांगितलं नाही.