नव्या विमानासाठी सत्तर गुण

२२ मे २०२३, सोमवार

विचार चालू आहे! रेडिओवर परदेशातला कुणी मंत्री. मऊ आवाज, पोटभर जेवलेला. आम्हाला लढाऊ विमानं देण्याचा विचार चालू आहे, पण जपून, नाहीतर युद्ध चिघळेल म्हणे. चिघळेल! पंधरा महिने इथे माणसं ढिगाऱ्याखालून तुकड्यातुकड्यांनी निघतायत, ते काय खरचटणं आहे? बीट चिरत होते. सुरी पाटात रुतून बसली.

दुपारी सेवेरिनचा फोन. "आई, तुझी गरज पडलीय." वाटलं, कुठे जखमी झाला. पण वेगळंच निघालं. नवी विमानं येतील असं दिसतंय. एफ-सोळा. शिकायला बाहेर पाठवणार, पण इंग्रजी येणाऱ्यालाच. "तू शिकव आम्हाला."

"माझ्या तासाला दांडी मारून नदीवर कोण जायचं रे?"

"चुकलं, बाई."

छत्तीस वर्षांचा घोडा! शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम अजून लक्षात आहे त्याच्या.

२६ मे

पहिला तास. स्वयंपाकघरातच. विद्यार्थी दोन: सेवेरिन आणि त्याचा जोडीदार ल्युब्को. दोघं जोडीनं उडतात, आपापल्या जुन्या मिग विमानातून. ल्युब्को डोंगरातल्या खेड्यातला, अठ्ठावीसचा, दारातून आत यायला वाकावं लागतं. बोर्शचं, बिटाच्या सुपाचं, अख्खं पातेलं संपवलं आणि एक क्रियापद पाठ केलं नाही.

सिस्टर येरोनिमांची पट्टी काढली ड्रॉवरमधून. आमच्या लहानपणी सरकारनं कॉन्व्हेंटला टाळं ठोकलं होतं, म्हणून कॉन्व्हेंटच एका शिंपिणीच्या मागच्या खोलीत भरायचं. पडदे ओढून. सिस्टर बाहेरच्या जगाला शिंपिणीकडची मदतनीस आणि आम्हाला इंग्रजीचा काळ! त्यांचे दोन नियम: पेपर तपासून विद्यार्थ्याच्या हातात परत द्यायचा. आणि ओळखीच्याला सूट नाही.

"बाई, या पट्टीनं मारणार?" ल्युब्को.

"रशियाचं क्षेपणास्त्र चालतं, माझी पट्टी नको का?"

३ जून, शनिवार

लिहिता येईल तेवढं लिहिते.

सकाळी आठला भोंगा. मग विमानतळाकडे दोन धमाके, आणि तिसरा आमच्या गल्लीत. समोरच्या इमारतीची बाजू पडली, जणू कुणी कपाटाचं दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावर टेबल तसंच, टेबलावर किटली तशीच. तिथे राहणारी मैत्रीण हान्का माझ्याकडे आली होती; तिचा नवरा झेनिक तिथल्या जिन्यात होता. मी आणि हान्का खाली धावलो. त्याचा पाय आधी सापडला. चप्पल पायातच होती. हान्कानं ती चप्पल काढून छातीशी धरली आणि मला म्हणाली, "कालच शिवून आणली होती गं." मग तो सापडला. श्वास होता. मी माझा पेटीकोट फाडून मांडीला बांधला, गच्च आवळला, सिस्टरनं शिकवलं तसं. रक्त बोटांमधून येतच राहिलं, गरम. माझ्या हातात गेला तो.

संध्याकाळी फोनवर सेवेरिनचं चिन्ह आलं: एक अधिक, बेरजेतलं. सगळे सैनिक पाठवतात तेच. म्हणजे जिवंत आहे, कळलं, ठीक आहे. मीही अधिक पाठवलं. नखांतलं रक्त अजून निघत नाही.

१६ जून

आज ल्युब्को अख्ख्या तासात एक वाक्य न चुकता बोलला. मग सेवेरिननं मला समजावलं, त्यांची मिग कशी आंधळी आहे ते. "रशियन विमानांना आम्ही दिसतो तेव्हा आम्हाला ते दिसतही नाहीत, आई. ते दुरून मारतात आणि घरी जाऊन चहा पितात. आपण खाली झाडांना घासत पळतो." हसत सांगत होता! ल्युब्को पावाला लोणी लावत होता. "नवं विमान आलं की आपणही चहा पिऊ," म्हणाला.

मी बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडून आले.

२७ जून

सेवेरिनचे कर्नल स्वतः आले. टोपी हातात. पहिल्या गटात या तुकडीला दोन जागा आहेत, त्यातली एक तुकडीच्याच दुसऱ्या तळावरच्या मुलीला दिलीय. एक उरली. "परीक्षा तुम्हीच घ्या, तेक्ल्या बाई. सत्तर गुण हवेत. दोघंही पास झाले तर सेवेरिन जाईल, तो वरिष्ठ आहे. तुमच्या सहीवर कुणी बोट ठेवणार नाही."

मान वर करून हो म्हटलं.

३० जून

हान्का आली. झेनिक गेल्यापासून फोनवर युद्धाच्या बातम्याच वाचत बसते. म्हणाली, रशियात बक्षीस लावलंय म्हणे, पहिलं एफ-सोळा पाडेल त्याला. "पहिली विमानं म्हणजे पहिली शिकार गं. जिथे उतरतील तिथे आग ओकतील ते. पहिल्या गटातलं एकही पोर परत येणार नाही, बघ तू."

"तोंड आवर," म्हटलं तिला. चुलीवरच्या वारेनिकी, उकडायच्या करंज्या, फुटून पाण्यात विरघळल्या. फेकून दिल्या.

८ जुलै

परीक्षा झाली. दोघंही घामेघूम. सेवेरिननं पेन्सिल चावून बारीक केली, सहावीत करायचा तशी.

१० जुलै, सोमवार

ल्युब्को बहात्तर. सेवेरिन अडुसष्ट.

पेपर परत दिले. सेवेरिननं त्याचा बराच वेळ पाहिला. ल्युब्को रडकुंडीला आला, "बाई, दोनच गुण! माझे काढून त्याला द्या!" सेवेरिननं पेपराची घडी केली, खिशात ठेवली. "नियम म्हणजे नियम, बाई," म्हणाला. आणि माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. शाळेत तसं करायचं नसतं, हेही बोलले नाही मी.

कर्नल म्हणाले, "पोटच्या पोराला दोन गुणांसाठी... तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा देश उभा आहे." हान्का म्हणाली, "दगड आहेस तू."

सही केली आहे. झालं.

२१ ऑगस्ट

तिकडे उत्तरेत दोन देशांनी विमानं देतो म्हणून जाहीर केलं. टीव्हीवर टाळ्या. केव्हा देणार? पुढच्या वर्षी! लग्नाचा झगा आहे का, मापं घेऊन शिवायला टाकायला?

ल्युब्को निघाला. प्रवासाआधी मिनिटभर बसायचं, अशी रीत आमच्यात, म्हणून आम्ही तिघं बसलो. मी स्टुलावर, सेवेरिन जमिनीवर, ल्युब्को स्वतःच्या बॅगेवर. बॅगेची चेन तुटली. हसून हसून पुरेवाट. दारात त्यानं सेवेरिनला मिठी मारली. "दुसऱ्या यादीत ये लवकर. तिकडचं जेवण भिकार आहे असं ऐकतो, एकट्याला खाववणार नाही."

६ नोव्हेंबर

अधिक.

१९ जानेवारी २०२४

पहाटेपासून आठ तास भोंगा. फटफटीसारखा आवाज करत ड्रोनं आली, मग क्षेपणास्त्रं. शाळेच्या व्यायामशाळेचं छप्पर गेलं. तळघरात सत्तर माणसं, एक बाई बाळंत होत होती आणि वरून धूळ गळत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. वर माझा मुलगा त्या आंधळ्या डब्यातून त्यांच्या मागे फिरत असणार. बाळ रडलं. मुलगी. नंतर बाहेर आलो तर पायरीवर बेकरीवाल्या बाईंचा हात. फक्त हात. अंगठीवरून ओळखला. मीच ओढणीत गुंडाळला.

अधिक दुपारी चारला आलं. तोवर मी काय काय नवस बोलले देव जाणे.

१२ मार्च

दुसरी यादी लांबली. तिकडे शिकवायला जागाच नाहीत म्हणे! सेवेरिनचा नंबर आता जूनमध्ये. वर्षभर घोळ घातला या लोकांनी. पत्र लिहिलं, पाच पानी, त्यांच्या दूतावासाला, अस्सल इंग्रजीत: तुम्ही मोजून मापून देता ते दिवस आमच्या पोरांच्या आयुष्यातले आहेत. टाकायला गेले. पेटीपाशी उभी राहिले. पत्र पर्समध्येच राहिलं.

५ मे, ईस्टर

आला होता! दोन तास. पास्का, ईस्टरचा गोड पाव, खाल्ला, अंडी फोडायच्या खेळात मला हरवलं. म्हणाला, ड्रोन पाडायला आता मिगची तोफच वापरतात, क्षेपणास्त्रं पुरत नाहीत. फार जवळ जावं लागतं. "जूनला फक्त महिना राहिला, आई." मी म्हणाले, "सेवेरिन, त्या परीक्षेचं..." तो म्हणाला, "वरून अजून एक तुकडा दे." दिला.

१४ मे, मंगळवार

अधिक नाही.

१५ मे

कर्नल दारात. टोपी हातात.

काल पहाटे ड्रोनं आली, पाच. चार पाडली त्यानं. पाचव्याच्या इतक्या जवळ गेला की ते फुटलं तेव्हा त्याचे तुकडे सेवेरिनच्या मिगच्या इंजिनात शिरले. खाली गाव होतं. उडी मारू शकला असता. विमान शेताकडे वळवेपर्यंत उंचीच उरली नाही. बटाट्याच्या शेतात. बघू नका म्हणाले कर्नल. मी म्हटलं, मी जन्म दिलाय, मी बघणार. बघितलं.

ते इथे लिहिणार नाही.

१८ मे

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं गाव गुडघ्यांवर. दुकानदार, चालक, माझे जुने विद्यार्थी. हातात फुलं, सम संख्येत, मेलेल्यांना देतात तशी. हान्कानं माझा दंड धरला होता. "रड गं," म्हणत होती. सगळे म्हणत होते, शिस्तीची आई, शिस्तीचा मुलगा. मला त्या शवपेटीवर माझं डोकं आपटून फोडायचं होतं.

४ ऑगस्ट

विमानं आली. टीव्हीवर. टाळ्या.

२९ ऑगस्ट

ल्युब्को आला. जिवंत. पहिल्या गटातला, जिवंत! दारातून वाकून आत आला आणि जमिनीवरच बसला, सेवेरिन बसायचा तिथे. "चांगलं विमान आहे, बाई. लांबचं दिसतं. आंधळं नाही." मग तोंड झाकून घेतलं. "ती जागा त्याची होती."

तुकडीनं जपून ठेवलेली सेवेरिनची नकाशांची पिशवी दिली. तो गेल्यावर उघडेन म्हटलं.

३० ऑगस्ट

पिशवीत पेपर होता. घडी झिजून फाटायला आलेली. ऐकण्याच्या प्रश्नात तीन बरोबर उत्तरांवर माझ्या लाल रेघा. तो पहिल्या विमानात बसू नये म्हणून मारलेल्या. समोर पेन्सिलीनं त्याचं अक्षर: एकाहत्तर. खाली तारीख, दहा जुलै. आणि तारखेच्या खाली, एक अधिक.