नऊ गाठींची दोरी

६ ऑक्टोबर
गुणवंतरावांनी प्रकरण परत पाठवलं. दुसऱ्यांदा! भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सिंदेवाहीला असतात. माझं पुस्तक छपाईआधी तेच तपासतात. शेरा एकच — "बाई, तुमचं घड्याळ अजून भिंतीवरच टांगून हाये."
खरं आहे. पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटममध्ये, वेळ खेळाच्या बाहेर उभी, पंचासारखी. सापेक्षतेत ज्याची त्याची वेळ वेगळी. दोन्ही एकत्र आणली की घड्याळही एक कणच. तेही एकदम दोन वेगांनी चाललेलं असू शकतं. मग त्याचं वय किती? एक आकडा नाहीच. मला हे कळतं. लिहिता येत नाही.
प्रकाशकांची तारीख वीस. नाहीतर पुस्तक या प्रकरणाशिवाय निघेल. दोन वर्षं ज्याच्यासाठी घातली, तेच नाही!

७ ऑक्टोबर
लालसूचं बोलावणं आलं. आलापल्लीच्या पुढे त्याचं गाव. विडीच्या तेंदूपानांविषयी लेख लिहिताना ओळख झाली, आता घरोबा आहे. नव्या धानाचा सण, त्यांचा पंडुम. तारीख नाही — नऊ गाठींची दोरी. उद्यापासून रोज एक सोडायची, संपल्या की यायचं. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली.

११ ऑक्टोबर
चार ओळी लिहिल्या. खोडल्या.

१५ ऑक्टोबर
गाठी संपल्या, नवरा धनराज आणि मी निघालो. पोचलो तर अंगण सारवायचं बाकी, पाहुणा एक नाही. लालसूची बायको बुधरी हसायलाच लागली. दोघंही सोडत होते काय गाठी, म्हणाली. तसंच झालं होतं! एका सकाळी मी सोडली, आणि पेपर वाचून उठल्यावर नवऱ्यानं पुन्हा. कॅलेंडर बघायचं दोघांनाही सुचलं नाही. दोरी होती ना.
धनराज वर मलाच म्हणतो, "तू तर घड्याळावर पुस्तक लिहून राह्यली ना?"
आणि तिथेच प्रकरण सापडलं. घरोघरी वेगळी दोरी. दोरी बाहेरून बघत नाही. आपल्याच हातांत असते, चुकतेही. दोन दोऱ्यांचा मेळ लागतो तो माणसं भेटल्यावरच.

१६ ऑक्टोबर
बाकीचे आज आले. नवा भात पोटभर.

१८ ऑक्टोबर
लिहून झालं, गुणवंतरावांना पाठवलं. दोन दिवस हाताशी ठेवून! दुपारी गाढ झोपले. कितीतरी आठवड्यांनी.

१९ ऑक्टोबर
गुणवंतरावांचा फोन. आवडलं, एक वाक्य सोडून — 'आम्ही एक दिवस आधी पोचलो.'
"आधी? कोणाच्या दोरीनं?"
म्हटलं, लालसूच्या घरी मूळ दोरी असेल ना, तिच्या हिशेबानं.
"मंग त्याले विचारा. मी तोवर सही करत नाई."
उद्या वीस. लालसूच्या गावात रेंज नाही.

२० ऑक्टोबर
लालसू बाजाराला आलापल्लीत आला, म्हणून फोन लागला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या दोरीला किती गाठी उरल्या होत्या, ते विचारलं.
"माह्याजवळ कुठली दोरी, बाई? सगळ्या वाटून देल्या. तुमी सगळे आले, तोच पंडुमचा दिवस."
वाक्य खोडलं. त्या जागी लालसूचं घातलं. गुणवंतरावांची सही रात्री अकराला आली.